अडीचशे शब्दांत चरित्र: प्रदर्शनाच्या फलकांसाठी मजकूर कसा लिहावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात दांडिया बाजारातल्या तुमच्या वाचनालयाला दिवाळीच्या सुटीत ‘जगाचा इतिहास घडवणारी माणसं’ असं प्रदर्शन लावायचं आहे. पंचवीस फलक, प्रत्येकावर अडीचशे शब्द. वाचणारी मुलं आठवी ते दहावीची. घरी मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. पाच चरित्रं लिहून झाली आणि पाचही सारखीच वाटतात: जन्म, शिक्षण, लग्न, कार्य, सन्मान, मृत्यू. शब्दही चारशेच्या वर जातात. ते कमी कसे करायचे, असं तुम्ही विचारलंत.

माझ्या मते शब्द जास्त होतायत, कारण या माणसामुळे नेमकं काय बदललं हे लिहिण्याआधी ठरलेलं नाही. ते ठरलं नाही की सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि काही गाळवत नाही. एकदा ठरलं की निम्मा मजकूर आपोआप गळतो. तुम्ही नमुन्याला दिलेला जेम्स वॉटचाच मजकूर घेऊ:

“जेम्स वॉट हे महान शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे झाला होता. लहानपणी किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून त्यांना वाफेच्या शक्तीची कल्पना सुचली. त्यांनी वाफेच्या इंजिनाचा शोध लावला. त्यामुळे औद्योगिक क्रांती झाली.”

यातली जन्माची तारीख आणि गाव बरोबर आहे. इंजिनाचा शोध मात्र वॉटचा नाही. थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ मध्ये चालू झालं होतं, म्हणजे वॉटच्या जन्माआधी चोवीस वर्षं. वाफेत ताकद असते हे कळायला किटलीची गरजच नव्हती. ते खाणीतल्या माणसांना रोज दिसत होतं. मग वॉटनं काय केलं? हे शोधायला त्या इंजिनाच्या आत डोकवावं लागतं. शोधल्यावर मजकूर असा होतो:

“कोळशाच्या खाणींत पाणी भरायचं. ते उपसायला न्यूकोमेन यांचं वाफेचं इंजिन १७१२ पासून वापरात होतं, पण ते कोळसा फार खायचं. १७६३-६४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातलं त्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीसाठी जेम्स वॉट यांच्याकडे आलं. वॉट उपकरणं बनवणारे कारागीर होते. त्यांच्या लक्षात आलं की दर फेरीला सिलिंडरमध्ये वाफ सोडतात आणि मग त्याच सिलिंडरमध्ये थंड पाणी मारून ती निववतात. पुढच्या फेरीची बरीचशी वाफ गार पडलेला सिलिंडर पुन्हा तापवण्यातच संपते. १७६५ मध्ये त्यांना उपाय सुचला: वाफ निववायला वेगळं भांडं. सिलिंडर कायम गरम, भांडं कायम थंड. त्याच कामाला कोळसा निम्म्याहूनही कमी लागू लागला.”

हे साधारण नव्वद शब्द झाले आणि मुलाला इंजिन कळलं. पुढे १७६९ चं पेटंट आणि १७७५ पासूनची मॅथ्यू बोल्टनशी भागीदारी येईल. हे दोघे खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश वाटा घेत, हेही लिहा. आठवीतल्या मुलाला त्यातून शोध आणि व्यापार यांचं नातं एका वाक्यात दिसतं. शेवटी एक मर्यादा: जास्त दाबाची वाफ वॉटना धोक्याची वाटे. रेल्वेचं इंजिन त्या जास्त दाबाच्या वाफेवरच धावलं, आणि ते काम रिचर्ड ट्रेव्हिथिकनं १८०४ मध्ये केलं. लग्न, मुलं, सन्मान काहीच नाही, आणि कुणाला त्यांची उणीव भासत नाही.

अडीचशे शब्दांची माझी वाटणी साधारण अशी असते. हा माणूस येण्याआधी परिस्थिती काय होती, याला साठ शब्द. त्यानं नेमकं काय केलं आणि ते कसं चालत होतं, याला नव्वद ते शंभर. त्यानंतर काय बदललं, याला पन्नास. मर्यादा, वाद किंवा त्याआधी तेच करू पाहणारे लोक, यांना तीस. जन्म-मृत्यूची वर्षं आणि ठिकाणं नावाखाली बारीक अक्षरांत एका ओळीत. वाक्यांत त्यांची जागा खर्च करू नका. बहुतेक जण पहिल्या भागाला दहा शब्द देतात, आणि तिथंच सगळं बिघडतं. आधीची स्थिती कळल्याशिवाय बदल दिसत नाही, आणि मग “महान”, “थोर”, “युगप्रवर्तक” ही विशेषणं भरावी लागतात. पहिला खर्डा झाला की अशी सगळी विशेषणं पेन्सिलीनं खोडा. खोडल्यावर वाक्य रिकामं झालं तर तिथं एखादी कृती लिहायची राहून गेली आहे असं समजा.

ही वाटणी सगळीकडे चालणार नाही. पुस्तिका असेल तर मूल बसून वाचतं, चारशे शब्द चालतात. तोंडी भाषण असेल तर अडीचशे शब्दांना दोन-अडीच मिनिटं लागतात आणि आकडे ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून तीनच ठेवा. फलकासमोर मूल उभं असतं, मागून दुसरं ढकलत असतं. पहिल्या दोन ओळींत काही पकडलं नाही तर ते पुढच्या फलकाकडे जातं. “यांचा जन्म… येथे झाला” ही फलकाची पहिली ओळ कधीच असू नये.

आता निवड. पंचवीसमध्ये कोण घ्यायचे हे तुमच्या जागेवर आणि मुलांवर अवलंबून आहे, पण सतरा-अठरा राजे आणि सेनापती होऊ देऊ नका. एडवर्ड जेनर घ्या. १४ मे १७९६ रोजी त्यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गाईच्या देवीची लस टोचली. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्यानं १७७४ मध्ये घरच्यांवर हाच प्रयोग केला होता, पण जेनरनी टोचल्यावर मुलाला देवी होत नाही हे तपासलं आणि १७९८ मध्ये छापून जगापुढे मांडलं. फिप्सला टोचल्यापासून सहाच वर्षांत लस मुंबईला पोहोचली: १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. इथं आधी, कृती आणि नंतर हे तिन्ही टप्पे स्वच्छ दिसतात, म्हणून नवीन लिहिणाऱ्याला सरावासाठी हे चरित्र उत्तम.

बडोद्याशी नातं असलेली माणसं घ्याविशी वाटणार, आणि घ्यावीतच. पण त्यांचं नातं नेमकं लिहा, फुगवू नका. अरविंद घोष १८९३ मध्ये इथं नोकरीला आले आणि १९०६ मध्ये गेले. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा याच शहरात जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडून जावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी लिहा. फक्त शिष्यवृत्ती लिहून थांबलात तर फलक बडोद्याचा होईल, आंबेडकरांचा राहणार नाही. त्यांच्या पदव्यांची वर्षंही सांभाळून लिहा, कोलंबियाचं एम. ए. १९१५ चं, पण पीएच. डी. ची पदवी रीतसर मिळाली १९२७ मध्ये.

सयाजीराव महाराजांच्या फलकावर हमखास होणारी चूक अशी: “१८७५ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी शिक्षण सक्तीचे व मोफत केले.” हे एक वाक्य तीस वर्षं गिळतं. मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिशांनी पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं. मुलगा अज्ञान, कारभार दिवाण टी. माधवरावांकडे. पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ ला. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत, आणि सगळ्या संस्थानात लागू झाला १९०६ मध्ये. महाराजांचं मोठेपण या क्रमातच आहे. आधी एका भागात करून बघितलं, तेरा वर्षं त्यातल्या अडचणी समजून घेतल्या, मग राज्यभर नेलं. सगळं एका वाक्यात कोंबलंत तर ते जादूचा हुकूम काढणारे राजे वाटतात, आणि मुलांना राज्यकारभार कसा चालतो ते कळत नाही. म्हणून प्रत्येक चरित्राची आधी घटना आणि वर्ष अशी दोन रकान्यांची पट्टी करा, प्रत्येक वर्षापुढे त्या माणसाचं वय लिहा. वयाचा रकाना आश्चर्यकारक चुका पकडतो.

तारखांवर थोडं थांबतो, कारण फलक लागल्यावर लोक त्यावरूनच भांडतात. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ लिहायचा की ४ जानेवारी १६४३? दोन्ही बरोबर. तेव्हा इंग्लंड जुन्या ज्युलियन पंचांगावर होतं, युरोपातले बरेच देश नव्या ग्रेगोरियनवर. इंग्लंडनं नवं पंचांग १७५२ मध्ये घेतलं. “गॅलिलिओ वारले त्याच वर्षी न्यूटन जन्मले” हे आवडतं वाक्य एका माणसाला नवं आणि दुसऱ्याला जुनं पंचांग लावूनच जमतं. रशियाची ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या कॅलेंडरनं ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, तीही याच कारणानं. पंचवीसही फलकांवर एकच पद्धत ठेवा आणि प्रवेशाच्या फलकावर एका ओळीत तसं सांगा.

आपल्याकडचा घोळ वेगळा आहे, आणि गुजरात-माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तो जास्त भोवतो. अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी मराठी पद्धतीनं श्रावण वद्य चतुर्दशी, पण इंदूरला तीच भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून पाळतात. दिवस एकच. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं, शुद्ध पक्षात बदलत नाही. त्यात संवताची भर. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात बदलतो, माळव्यात चैत्रात. त्यामुळे चैत्र ते आश्विन गुजराती आकडा एकानं कमी असतो. अहिल्याबाईंचं निधन शके १७१७ मधलं. माळव्याच्या हिशेबानं संवत १८५२, गुजरातच्या हिशेबानं १८५१. तिन्हींचा अर्थ १३ ऑगस्ट १७९५. हिंदी पुस्तकातली तिथी आणि गुजराती पुस्तकातला संवत असं एकत्र केलंत तर महिना आणि वर्ष दोन्ही चुकतात. मुलांच्या फलकावर इंग्रजी तारीख पुरे. तिथी द्यायचीच तर कोणत्या पद्धतीची ते लिहा.

मग येतात सगळ्यांना ठाऊक असलेल्या, पण खऱ्या नसलेल्या गोष्टी. मराठी शाळांच्या कार्यालयांत लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र फ्रेम करून लावलेलं असतं. मजकूर सुंदर आहे, पण लिंकननं असं पत्र लिहिल्याचा पुरावा त्याच्या कागदपत्रांत सापडलेला नाही. ते फलकावर घेऊ नका. तिथं १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा घ्या, आणि तो फक्त बंडखोर राज्यांना लागू होता, सगळ्या देशातून गुलामी डिसेंबर १८६५ मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीनं गेली, हे लिहा. तोवर लिंकन हयात नव्हते: १४ एप्रिल १८६५ च्या रात्री गोळी लागली, १५ ला सकाळी मृत्यू. या दोन तारखांचीही अदलाबदल फार होते.

“भाकरी नाही तर केक खा” हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या तोंडी घालतात. रूसो या लेखकानं ही गोष्ट नाव न घेता कुणा राजकन्येबद्दल लिहिली, तेव्हा मारी अजून ऑस्ट्रियात होती, जेमतेम दहा-बारा वर्षांची. आणि नेपोलियन बुटका नव्हता. त्याची उंची पाच फूट दोन इंच अशी नोंदली गेली ती जुन्या फ्रेंच मापात. फ्रेंच इंच २.७०७ सेंटिमीटरचा, इंग्रजी २.५४ चा. बासष्ट फ्रेंच इंच म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटर. इंग्रजी समजून वाचलं तर १५७. हा हिशेब फलकाच्या कोपऱ्यात चौकट करून द्या, मुलं तो कागदावर करून बघतात.

ज्यांनी जग घडवलं त्या सगळ्यांनी ते चांगलंच घडवलं असं नाही. फ्रिट्झ हाबरनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवला. त्यातून रासायनिक खत आलं आणि कोट्यवधी लोकांचं अन्न पिकलं. १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. त्याच हाबरनी पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या इप्र इथं क्लोरीन वायूचा हल्ला घडवून आणला. नेपोलियननं १८०४ चा नागरी कायदा दिला आणि त्याआधी १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामी परत आणली. अशा दोन वाक्यांच्या मध्ये “पण” किंवा “तरीही” टाकू नका. “पण”च्या पुढची बाजू आपोआप जड होते. दोन्ही वाक्यं तारखेसह लिहा. दहावीचा मुलगा विचार करू शकतो.

भाषेचे तीन मुद्दे. एक, मराठीत आपण परदेशी माणसाला सहज “तो” म्हणतो आणि आपल्याला “ते”. मीही वर लिंकनबद्दल “त्याच्या” लिहिलं, नेपोलियनबद्दलही. उत्तरात ते चालून जातं. फलक शेजारी शेजारी लागले की खटकतं, म्हणून पंचवीसही जणांना आदरार्थी ठेवा. “मादाम क्युरी” न लिहिता मारी क्युरी लिहा; १९०३ चं नोबेल पतीबरोबर विभागून असलं तरी १९११ चं त्यांचं एकटीचं आहे. दोन, “जन्म झाला होता” ही हिंदीची लकब इथल्या मराठीत घट्ट बसली आहे. “जन्म झाला” पुरे. तीन, या मुलांना “बाष्पयंत्र”, “अभियंता” अडतात. वाफेचं इंजिन, इंजिनिअर लिहा. शब्द सोपा करा, माहिती सोपी करू नका.

तपासणीसाठी एक वही घाला. अडीचशे शब्दांत तपासण्याजोगी बारा ते पंधरा विधानं असतात, म्हणजे पंचवीस फलकांत तीनशेच्या वर. लिहिणाऱ्यानं स्वतःचं तपासू नये. त्याला स्वतःची चूक दिसत नाही. प्रत्येक विधानासमोर दोन आधार हवेत, आणि ते एकमेकांवरून उतरवलेले नसावेत. दोन संकेतस्थळांवर तेच वाक्य शब्दशः असेल तर तो एकच आधार. दोन आधार मिळाले नाहीत तर विधान काढा. चित्रांनाही हेच लागू. गुटेनबर्ग किंवा कोलंबस यांचं हयातीतलं खात्रीचं चित्र उपलब्ध नाही, म्हणून खाली “नंतरच्या काळातलं कल्पनाचित्र” असं छापा.

छपाईत बिघडतं ते अक्षरांत. दोन बाय तीन फुटांच्या उभ्या फलकावर मजकूर दोन रकान्यांत, अक्षर ३६ पॉइंट, ओळींमधलं अंतर ५४ पॉइंटच्या आसपास ठेवा. मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, अंतर कमी पडलं तर ते एकमेकांत अडकतात. बडोद्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे गुजराती आणि हिंदी फॉन्ट भरपूर असतात. त्यांत बऱ्याचदा “ॲ” आणि “ऱ्य” नसतात: ॲरिस्टॉटलच्या जागी रिकामा चौकोन येतो, “दुसऱ्या”तला र तुटून बाजूला पडतो. मजकूर टाइप करून पाठवू नका. पानं घरीच लावा, अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागता दिसतील अशा आकृती करून) पीडीएफ द्या आणि पंचवीस फ्लेक्स निघण्याआधी एक फलक पूर्ण आकारात काढून बघा.

पंचवीसही एकदम लिहायला घेऊ नका. वॉट, जेनर आणि सयाजीराव हे तीन आधी पूर्ण करा, साध्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापा आणि वाचनालयात येणाऱ्या चार-पाच मुलांना वाचायला द्या. वाचून झाल्यावर कागद उलटा करून विचारा, “यांच्यामुळे काय बदललं?” मूल जन्मसालापासून सांगायला लागलं तर तो मजकूर पुन्हा लिहा. वेगळ्या भांड्यापासून सांगायला लागलं तर चौथा घ्या.